डाऊनलाइनला चार जण

रेल्वेच्या पार्सल ऑफिसात एक कोपरा असतो. ज्या पार्सलांचा मालक येत नाही ती तिथं पडून राहतात. आधी एक असतं, मग दोन होतात, आणि एक दिवस बघावं तर मागची भिंतच दिसेनाशी झालेली! पूर्णा जंक्शनवर मी पार्सल क्लार्क होतो, त्या वेळचे किस्सेही माझ्याकडं असेच साठलेत. सोडवून न्यायला कुणी येत नाही, आणि लिलावात काढावेत असा त्यांना भावही नाही.

परवा पुतण्या आला. बसल्या बसल्या त्यानं बॅगेतून शाम्पूच्या बाटल्या काढून माझ्यासमोर मांडल्या. "काका, हे नेटवर्क मार्केटिंग आहे. कायदेशीर. ते पिरॅमिडवालं फसवाफसवीचं नाही." मी म्हटलं, बरं. "तुम्ही फक्त तुमच्या डाऊनलाइनला चार जण आणायचे."

डाऊनलाइन! मला असा ठसका लागला की चहा कपात कमी आणि लुंगीवर जास्त. पुतण्या रागावला. त्याला वाटलं, काका थट्टा करतायत. त्याला काय सांगू? हा शब्द मी सत्तरच्या दशकात पूर्ण्याला ऐकलेला, आणि आमच्या लोकांनी त्याची काय गत केली हे डोळ्यांनी पाहिलेलं.

*

तेव्हा पूर्ण्याला कोळशाची इंजिनं होती आणि लाइन एकेरी. एकाच रुळावरून जाणाऱ्या गाड्या जायच्या आणि येणाऱ्या यायच्या. एका दिशेच्या गाडीला अप म्हणायचं, उलट्या दिशेच्या गाडीला डाऊन. क्वार्टरमधली पोरं पाढ्यांच्या आधी अप-डाऊन शिकायची.

अशा गावात सफारी घातलेले एक साहेब उतरले. नाव ते प्रत्येकाला वेगळं सांगायचे, म्हणून आम्ही सफारीसाहेबच म्हणायला लागलो. त्यांच्याकडं शिलाई मशीनची योजना होती. पैसे भरून मेंबर व्हायचं आणि चार मेंबर आणायचे. त्या चौघांनी आपापले चार आणले की तुमच्या दारात नवी कोरी मशीन! एवढ्याशा पैशात एवढी मोठी मशीन कशी, असं कुणी विचारलं की साहेब नुसते हसायचे.

पार्सल ऑफिसच्या फरशीवर त्यांनी खडूनं एक गोल काढला, त्याच्याखाली चार, त्यांच्याखाली आणखी चार-चार. "हा वरचा तुमचा अप लाइन. हे खालचे तुमचे डाऊन लाइन. पैसा खालून वर येत राहणार, तुम्ही बसून राहायचं!"

आमचे गार्ड खानसाहेब शिटी पुसत ऐकत होते. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "साब, यहाँ तो सिंगल लाइन है. अप कू छोडे तो डाऊन कू लूप में खडा करना पडता. आप की डाऊन कहाँ खडी रहेगी?"

लूप म्हणजे समोरची गाडी जाईपर्यंत दुसरी उभी करायचा बाजूचा रूळ, ते साहेबांना कळलं नाही. ते म्हणाले, "खानसाहेब, डाऊनची काळजी तुम्ही करायचीच नाही!"

"वा साब! गार्ड को बोलते, पीछे के डिब्बे मत देखो!"

सगळे हसले. हसून झाल्यावर नामदेव पोर्टर पहिला मेंबर झाला, कारण साहेबांनी त्याला 'नामदेवराव' म्हणून खुर्ची दिली होती. चार दिवसांनी नामदेवनं खानसाहेबांनाच मेंबर केलं. खानसाहेबांना तीन मुली होत्या, आणि मशीन घरात आली तर तिघींच्या कामी येणार होती. माणूस हसतो एका तोंडानं आणि पैसे भरतो दुसऱ्या हातानं, त्याला काय करणार?

*

खानसाहेबांनी पुढं आणला तो आमचा बुकिंग क्लार्क, प्रल्हाद सोनकांबळे.

सोनकांबळे मूळचा वालूरचा. त्यांच्या बौद्धवस्तीतून रेल्वेत लागलेला पहिला माणूस. तिकिटाच्या खिडकीत बसून तो जेवढा रुबाब करायचा नाही, तेवढा वालूरचे लोक त्याच्या वतीनं करायचे. पोराला शाळेत घालायचं, सोयरीक बघायची, बैल विकायचा, काहीही असो, "पल्हादाला इचारा" हे ठरलेलं.

त्याची धाकटी बहीण कमल त्याच्याकडं राहायची. परभणीला शिवणक्लास करून आलेली. हात असा की कापड तिच्याकडं बघूनच सरळ व्हायचं! पण मशीन नव्हती. शेजारणीची होती, आणि शेजारणीचा रोज मूड नसायचा. कुणाचं ब्लाऊज अर्धं शिवून व्हायचं आणि शेजारीण म्हणायची, "आज माझं डोकं दुखायलंय, खडखड नको." मग गिऱ्हाईक एका बाहीचं ब्लाऊज बघून परत जायचं.

एकदा ती मला म्हणाली, "पार्सलबाबू, मला नोकरी नको, काही नको. फक्त खडखड माझ्या घरात झाली पायजे."

सोनकांबळे मेंबर झाला तो या खडखडीसाठी.

*

तोवर कमल बसून नव्हती. स्टेशनबाहेर मन्मथअप्पांचं चहापत्तीचं दुकान होतं. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आणि जिभेवर कायम गिऱ्हाइकाचं नाव. अप्पांनी क्वार्टरमधल्या चार-पाच बायकांना पुडे देऊन ठेवलेले. घरोघर विकायचे, विकल्यावर कमिशन घ्यायचं, न खपलेले पुडे अप्पा परत घ्यायचे. कमल त्यातली एक.

एक दिवस खानभाभी पुडा घेऊन थेट दुकानावर! "अप्पा, ये चाय है या बैंगन धोया हुआ पानी?" चार गिऱ्हाइकांसमोर! कमल कोपऱ्यात लाजून उभी, कारण पुडा तिनंच विकलेला. अप्पांनी स्टोव्ह पेटवला, त्याच पुड्यातली पत्ती टाकून चहा केला, स्वतः प्यायले. तोंड वाकडं केलं. मग पुडा परत घेतला, भाभींना दुसरा दिला आणि दुकानातल्या नोकराला घाऊक व्यापाऱ्याच्या नावानं पाच मिनिटं शिव्या दिल्या. कमलच्या कमिशनमधलं काही कापलं नाही.

मी म्हटलं, "अप्पा, सकाळी सकाळी लई शिव्या खाल्ल्या."

"खाव्याच लागतेत! माल हाय म्हणून शिव्या हायत. त्या सफारीवाल्याला कोन शिव्या देणार? त्याच्याकडं मालच न्हाई!"

मग पुड्यावर थाप मारून म्हणाले, "हे बगा पार्सलबाबू. उद्यापासून एक बी नवा मेंबर आला न्हाई, तर त्याच्या लोकायच्या हातात काय ऱ्हाईल? खडू! अन् माज्याकडं एक बी नवी बाई आली न्हाई, तर काय ऱ्हाईल?"

"काय?"

"चहापत्ती. मी पीन!"

मला हे इतकं पटलं की पुढं आयुष्यभर मी असल्या प्रत्येक योजनेला अप्पांचंच माप लावलं. परवा पुतण्याला लावलं. नवीन माणूस नाही आणला तरी शाम्पू विकून पैसे मिळतात का? मिळतात म्हणाला. न खपलेल्या बाटल्या कंपनी परत घेते का? घेते म्हणाला, जरा थांबून. मग मी एक बाटली विकत घेतली. डोक्यावर केस नाहीत, पण माल तरी हातात आला!

*

सोनकांबळेला चार मेंबर हवे होते. एक त्याला पूर्ण्यातच मिळाला. कोण ते तो सांगेना. "नाव सांगायचं न्हाई असा शब्द दिलाय," म्हणाला. बाकीच्यांसाठी तो रविवारी वालूरला गेला आणि सोमवारी खिडकीत आला तो उतरलेल्या चेहऱ्यानं. मी म्हटलं, "काय, वालूरकरांनी हाकललं काय?"

"हाकललं असतं तर बरं झालं असतं," तो म्हणाला.

झालं असं, की त्यानं वस्तीत सगळी योजना सांगितली. समोर त्याची गयाआत्या बसलेली. तिलाही मशीन हवी होती, नातीसाठी. आत्यानं विचारलं, "माजी मशीन कवा यील?"

"तुजे चार अन् त्यायचे चार-चार झाल्यावर, आत्या."

"अन् त्यायची?"

"त्यायच्या खालच्यायचे बी चार-चार झाल्यावर."

"अन् समदं वालूर झाल्यावर?"

सोनकांबळे म्हणाला, हा प्रश्न त्यानं स्वतःला विचारलाच नव्हता! वालूर संपल्यावर काय? आता आत्या नाही म्हणणार, उठून जाणार, असं त्याला वाटलं. तसं झालं असतं तर तो सुटला असता.

आत्या म्हणाली, "वालूर झाल्यावर सेलू हाय की! तू सांगायलास म्हंजी खरंच असंल." आणि तिनं आणि आणखी तिघींनी, म्हणजे हव्या होत्या त्यापेक्षा एकीनं जास्तच, पैसे काढून त्याच्या हातात ठेवले. त्यानं ते आणून सफारीसाहेबांना दिले होते. आता त्याला झोप नव्हती.

"आत्यानं शंका घ्यायला पायजे होती हो," तो मला म्हणाला. "माज्यावर शंका घेणारं तिथं कुनीच न्हाई. हेच वांदं हाय."

मला त्याचं वाईट वाटलं. मशीन नाही आली तर कमल शेजारणीकडं शिवेल, पण सोनकांबळे वालूरला कुठल्या तोंडानं जाईल?

*

सफारीसाहेब म्हणाले, "मशीन पार्सलनं येतेय." झालं! म्हणजे येणार ती माझ्याच ऑफिसात. तेव्हापासून प्रत्येक गाडीला सोनकांबळे खिडकी सोडून माझ्या दारात. "आली का?" विड्याच्या पानांच्या करंड्या यायच्या, औषधाची खोकी यायची, एकदा तर चार कोंबड्या आल्या. मशीन काही येईना.

एक दिवस ब्रेकव्हॅनमधून, म्हणजे गार्डाच्या सामानाच्या डब्यातून, मोठं लाकडी खोकं उतरलं. वर ठळक अक्षरात लिहिलेलं, मशीन! खाली पत्ता होता, पण तो ओला होऊन पुसलेला. नामदेव ओरडत सुटला. सोनकांबळे आला, कमल चप्पल न घालता आली, खानसाहेब गाडी सोडायची विसरून उभे. नियमाप्रमाणं मालक आल्याशिवाय खोकं उघडता येत नाही, पण एक फळी वाहतुकीत निसटलेलीच होती. ती मी जरा आणखी निसटू दिली.

आत दोन जाडजूड लोखंडी रूळ, एक चाक आणि एक मूठ. रसवंतीचा चरक!

कमलनं मूठ धरून चाक एकदा फिरवून पाहिलं.

"दादा," ती म्हणाली, "एक ऊस आना. ह्याच्यातून ब्लाऊज निघतंय का बगू."

*

इकडं पूर्ण्यात मेंबर व्हायला माणूस शिल्लक राहिला नव्हता. इंजिनशेडमधले झाले, क्वार्टरमधले झाले, तिकीट तपासनीस झाले. एक मी तेवढा राहिलो. यात माझं शहाणपण काही नाही. मला कुणी विचारलंच नाही! ज्याला त्याला वाटलं, पार्सलबाबू दुसऱ्याच्या डाऊनला असणार. खरं सांगतो, मला थोडा रागच आला. नाही म्हणायची तयारी करून बसलेल्या माणसाला कुणी विचारू नये, म्हणजे काय?

नामदेवचे चार काही भरेनात. शेवटी तो चुडाव्याला गेला. तिथं त्याचा मेव्हणा गेटमन होता. मेव्हणा साधा, देवभोळा, दोन मिनिटांत मेंबर होईल असा नामदेवचा अंदाज. संध्याकाळच्या गाडीनं नामदेव परत आला आणि माझ्या ऑफिसात डोकं धरून बसला.

"काय रे, झाला का मेव्हणा?"

"त्यो आदीच झालता! मी तोंड उगडायच्या आत त्यानंच मला योजना सांगितली. माजी बहीण मंदी पडली. म्हनली, दादा, तुमच्यापायी आमचे चार अडलेत."

"मग?"

"मंग काय? बहिनीला न्हाई कसं म्हनू? दुसऱ्यांदा मेंबर झालो." नामदेवनं कपाळावर हात मारला. "पार्सलबाबू, गेलतो अप म्हणून, आलो डाऊन होऊन!"

दोनदा मेंबर व्हायला योजनेत बंदी नव्हती. उलट सफारीसाहेबांची तीच मर्जी असणार.

*

सोनकांबळे त्या वेळी खानसाहेबांबरोबर तिथंच होता. त्यानं खडू उचलला आणि फरशीवर नामदेव असं लिहून गोल काढला.

"नामदेवनं खानसाहेबाला आनलं. खानसाहेबानं मला आनलं." दोन गोल आणखी झाले. मग तो थांबला आणि एक रिकामा गोल काढला. "मी ह्याला आनलं. नाव सांगता येत न्हाई."

"माज्या मेव्हण्याला कुनी आनलं म्हाईत हाय का?" नामदेव म्हणाला. "इथलाच हाय. चहापत्तीवाला."

सगळ्यांनी दाराकडं पाहिलं. मन्मथअप्पा पार्सल सोडवायला आले होते. हातातली पावती त्यांनी हळूच खिशात परत घातली.

"अप्पा?" मी म्हटलं. "तुम्ही? अन् ते 'मी पीन'?"

"चहापत्तीत मी हुशार हाय," अप्पा म्हणाले. "मशीनीतलं मला काय कळतंय? मंडळीनं हट धरला."

सोनकांबळेनं रिकाम्या गोलात अप्पा लिहिलं, त्यापुढं मेव्हणा लिहिलं, आणि मेव्हण्यापासून एक रेघ ओढत ओढत परत नामदेववर आणली. नामदेवच्या डाऊनला खान, खानच्या डाऊनला सोनकांबळे, त्याच्या डाऊनला अप्पा, अप्पाच्या डाऊनला मेव्हणा आणि मेव्हण्याच्या डाऊनला नामदेव! फरशीवर मोठं वेटोळं तयार झालं.

शेडमध्ये इंजिन फिरवायचं एक गोल टेबल असतं. इंजिन त्यावर चढवायचं आणि माणसांनी ढकलत फिरवायचं. इंजिनाचं तोंड फिरतं, बाकी ते असतं तिथंच असतं. खानसाहेबांनी फरशीवरच्या वेटोळ्यावरून शिटीचं टोक एकदा गोल फिरवलं.

"ये गाडी नहीं है, बाबू," ते म्हणाले. "ये टर्नटेबल है. और ढकल कौन रहे? हम!"

कुणी हसलं नाही. सोनकांबळे खडू टाकून तडक सफारीसाहेबांच्या लॉजवर गेला. वालूरच्या बायकांचे पैसे परत द्या म्हणाला. साहेबांनी त्याला चहा पाजला, पाठीवर हात ठेवला आणि सांगितलं, "उद्या सकाळी मी स्वतः मशीन घेऊन स्टेशनवर येतो."

*

सकाळी साहेब आले. मशीन नव्हती, सुटकेस होती.

सेलूकडून, म्हणजे वालूरच्याच बाजूनं, येणारी गाडी प्लॅटफॉर्मला लागलेली. इंजिन पाणी घेत होतं, म्हणजे गाडी बराच वेळ थांबणार. गार्ड खानसाहेबच. ते डब्याच्या दाराशी उभे राहून प्रत्येकाचं तिकीट जातीनं बघत होते, गार्डाचं ते काम नसतानाही. नामदेव सुटकेसकडं बघत शेजारी उभा. मी बुकिंग ऑफिसात सोनकांबळेच्या मागं चहाचा कप घेऊन बसलेलो.

साहेब खिडकीशी वाकले. आत कोण आहे ते त्यांनी पाहिलं आणि एक क्षण त्यांचं हसू अडखळलं. पण गाडी समोर होती.

"सोनकांबळे, मशीन आणायलाच निघालोय. एक तिकीट द्या."

"कुठलं देऊ?"

"कुठलंही. ही गाडी जाईल तिथपर्यंतचं."

सोनकांबळेनं तिकीट काढलं नाही. दोन्ही हात काउंटरवर ठेवले. त्याचा आवाज रोज गिऱ्हाइकाशी असतो तसाच होता.

"भेटंल की, साहेब. आदी चार जण आना."

"म्हणजे?"

"तुमच्या डाऊनला चार जण लागतेत. चार झाले की तिकीट."

"थट्टा करू नका हो! गाडी सुटेल."

"थट्टा न्हाई. इंजिन पानी घ्यायलंय. टाइम हाय."

साहेबांनी रुमालानं मान पुसली. त्या गाडीतून कोण उतरलं होतं, ते मला खिडकीतून दिसत होतं आणि साहेबांना दिसत नव्हतं. उतरलेल्यांना कुणी निरोप धाडला, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. सोनकांबळे शपथेवर सांगतो, आत्या आपल्या मनानंच आली.

"अहो, इथं ऐन वेळी चार माणसं कुठून आणू मी?" साहेब जवळजवळ ओरडले.

"आनायची गरज न्हाई," सोनकांबळे म्हणाला. "मागं वळून बगा. रांगेतच हायत."

साहेब वळले. गयाआत्या सगळ्यात पुढं होती. तिच्या मागं वालूरच्या तिघी, डोक्यावरचा पदर नीट करत. आत्याच्या काखेत एक जुनं लुगडं होतं, मशीन वाटेत घासू नये म्हणून बांधायला आणलेलं.

"रामराम साहेब," आत्या म्हणाली. "आमी चार झालोत. मशीन कुटंय?"